झेंडीवाला धरमसिंग आणि वीतभर खोटं

धरमसिंग राठोड लबाड आहे असं पांढरकवड्याच्या चौकात कुणी म्हणालं, तर मी गल्ल्यावरून उठून जातो आणि भांडतो. माझं कृषी केंद्र आहे, गिऱ्हाईक तुटतं, बायको ओरडते. तुटू दे.

हा माणूस जवळच्याच तांड्यावरचा. तरुणपणी धुरकरी होता, म्हणजे शंकरपटात छकड्यावर बसून बैलजोडी पळवणारा. छकडा उलटून कंबर गेली आणि त्यानंतर त्याच्या हाती झेंडी आली. आमच्या पटात दोन जोड्या शेजारी शेजारी सुटतात. चुन्याच्या शेवटच्या रेषेवर आधी कोण पोचलं, ते झेंडीवाला सांगतो. धरमसिंग रेषेच्या टोकाशी पालथा पडायचा, गाल मातीला टेकवायचा आणि एक डोळा मिटून रेषेवर नजर लावायचा. लाल झेंडी वर गेली की अलीकडची जोडी जिंकली, हिरवी गेली की पलीकडची. पटाच्या दिवशी तो कुणाच्या हातचा चहा घेत नसे. भाकरी घरची, पाणीसुद्धा घरून आणलेलं. एकदा भर उन्हात मी उसाचा रस पुढं केला, तर म्हणाला, पट संपल्यावर दे. माझ्या घरी बैलाचं शेपूटसुद्धा नाही, तरी मला हे उत्तर. अशा माणसाला लोकांनी विकला गेलेला ठरवलं, आणि तेही एका फोटोवरून.

मागच्या वर्षी पट कमिटीचे अध्यक्ष वामनराव यांना ड्रोनची हौस आली. मैदानात मोठा पडदा लावला आणि शादाबला बोलावलं. शादाबचा फोटो स्टुडिओ माझ्या दुकानाला लागून, मधे एकच भिंत. वरातीवर उडवायचा त्याचा छोटा ड्रोन त्यानं रेषेच्या बरोबर वर थांबवून ठेवायचा, जोड्या आल्या की फोटो काढायचा आणि तो लगेच पडद्यावर दाखवायचा. निकाल झेंडीचाच राहील, फोटो आपला शोभेला, असं ठरलं होतं.

शेवटची दौड लागली ती मारेगावच्या गोपालची जोडी आणि खुद्द वामनरावांच्या मेहुण्याची जोडी यांच्यात. गोपाल पलीकडे, मेहुणा अलीकडे. धुळीचा लोट उठला आणि दोन्ही जोड्या एकदमच रेषेवर आल्यासारख्या वाटल्या. धरमसिंगनं हिरवी झेंडी वर केली. गोपालची माणसं नाचायला लागली, तेवढ्यात पडद्यावर फोटो आला. त्यात मेहुण्याची जोडी वीतभर पुढं होती.

वामनरावांनी माइक हातात घेतला. त्यांचं ते वाक्य अजून तालुक्यात फिरतं आहे.

"डोळ्याले लाच देता येते, कॅमेऱ्याले नाई."

मग काय विचारता. शिट्ट्या झाल्या, शिव्या झाल्या, कुणीतरी धरमसिंगच्या हातातून दोन्ही झेंड्या हिसकून घेतल्या. तो मातीनं भरलेला गाल घेऊन तसाच उभा. मी जे पाहिलं तेच सांगितलं, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, आणि त्या गोंगाटात ते ऐकायला कुणाला सवड नव्हती. पुढं आठवडी बाजारात पोरंटोरंसुद्धा त्याला विचारू लागली, काका, किती भेटले? त्यानं बाजाराला येणंच सोडलं.

पटाच्याच संध्याकाळी शादाबनं भिंतीवर थाप मारून मला बोलावलं. त्यानं दिवसभराचे फोटो मोठे करून ठेवले होते. मला म्हणाला, फक्त जू बघा. मी पाहिलं. चुन्याची रेष सरळ होती, पण जू तिरपं. प्रत्येक फोटोत अलीकडचा बैल आपल्या जोडीदारापेक्षा थोडा पुढं. एखादी जोडी तशी पळेल, मान्य. पण दिवसभरातल्या सगळ्याच जोड्या एकाच बाजूला तिरप्या? शादाबचा चेहरा उतरला होता.

"भाई, बैल वाकडे नाई पळले. माहा फोटोच वाकडा हाये."

मग त्यानं समजावलं. त्याच्या ड्रोनमधलं शटर इलेक्ट्रॉनिक. ते सगळं चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली ओळीओळीनं टिपत येतं. थांबलेल्या वस्तूला काही होत नाही, म्हणून चुन्याची रेष सरळ. पण वर दिसणारी गोपालची जोडी टिपून कॅमेरा खाली येईतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत, खालच्या बाजूची मेहुण्याची जोडी वीतभराहून जास्तच पुढं सरकलेली; तेवढं वजा केलं तर गोपालच पुढं. चालत्या पंख्याचा मोबाइलवर फोटो काढला की पाती कधीकधी वाकडी दिसतात, तोच प्रकार. मेकॅनिकल शटरचा ड्रोन असता तर भिंगामागची झडप एकदा उघडली, मिटली आणि दोन्ही जोड्या एकाच क्षणाला टिपल्या गेल्या असत्या. जोराच्या दौडीला तोच पाहिजे होता.

मला कॅमेऱ्याचा राग नाही. तो बिचारा जसा बनवला तसं बघतो. राग आहे तो पुढच्या गोष्टीचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं फोटो आणि पट्टी घेऊन वामनरावांकडे गेलो, कमिटीची माणसंही तिथंच बसली होती. शादाबनं न लाजता आपली चूक सांगितली. वामनराव हाडाचे शेतकरी, जू सरळ असतं की तिरपं हे त्यांना कुणी शिकवायला नको. त्यांना पहिल्याच फोटोत समजलं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. आणि समजल्यावर ते म्हणाले की झालं ते झालं, मानाची ढाल मेहुण्याला देऊन झाली, आता बोललो तर लोक पटच बंद पाडतील. न समजणाऱ्याला मी माफ केलं असतं. आम्ही बोललो चार लोकांत, पण माइकवरच्या वाक्यापुढं चौकातलं बोलणं किती टिकणार?

हे सगळं मी तांड्यावर जाऊन धरमसिंगला सांगितलं. त्याला ना झेंडी परत हवी होती ना कुणाची माफी. जिथून मला खोटं पाडलं, त्याच माइकवरून खरं सांगा, एवढीच त्याची मागणी. वर्षभर तो तेवढ्यासाठी थांबला.

यंदाच्या पटाला कमिटीनं मोठा ड्रोन आणला. वामनराव छाती फुगवून माइकवर म्हणाले की यंदा मेकॅनिकल शटर आहे, कोणावर अन्याय होणार नाही. मागच्या वर्षी कोणावर झाला, ते मात्र गिळलं. झेंडीवाला यंदा नव्हताच, खरा कॅमेरा आल्यावर माणूस कशाला? आणि वर मखलाशी बघा, जुन्या सेवेबद्दल म्हणून शाल आणि नारळ देऊन धरमसिंगचा सत्कार ठेवला.

तो आला. लंगडत मंचावर चढला. वामनराव शाल उलगडू लागले, तर त्यानं हात आडवा धरला.

"मले शाल नोको. मागच्या सालचा माहा निकाल बरोबर होता, येवढं सांगा."

वामनराव हसले आणि म्हणाले, कायले जुनं उकरता. धरमसिंगनं त्यांच्या हातातला माइक घेतला. त्याबरोबर वामनरावांनी मंचाखालच्या माइकवाल्याकडे पाहून मान हलवली आणि माइक बंद झाला. तरी तो थांबला नाही. होता तेवढा आवाज काढून म्हणाला, "गोपालची जोडी जितली होती. मी खोटं बोललो नाई."

त्या गर्दीत ते पुढच्या दोन रांगांनाच ऐकू गेलं. त्या रांगांत कमिटी बसली होती, आणि त्यांना ते वर्षभरापासून माहीत होतं.