पिल्लाची फणी

वरठीच्या कारखान्यातून येताना नवऱ्याने एकदा शर्टाच्या आत कुत्र्याचं पिल्लू घालून आणलं. आमच्या करडी गावात कुत्र्याला कोणी विंचरत नाही. हे मात्र रोज संध्याकाळी ओसरीवर फणी घेऊन बसायचे. आधी नुसता हात फिरवायचे, मग कान धरायचे, मग पंजे. पिल्लू बिचकलं की थांबायचे, बिस्किटाचा तुकडा द्यायचे. फणी सगळ्यात शेवटी, तीही दोनदाच.

"माह्या केसाले त कधी फणी नाही लावली तुमी," मी म्हणायची.

"तू चावशीन ना!"

महिनाभरात मोटरसायकलच्या अपघातात हे गेले. मला रडू आलं नाही. बायका यायच्या, माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या आणि उठून जायच्या. त्यांचा राग यायचा. तेवढंच काय ते वाटायचं.

सुतकात कोणी केस विंचरत नाही. सासूबाईंनी घरातल्या सगळ्या फण्या कपाटात ठेवल्या, पिल्लाचीसुद्धा. इकडे पिल्लाला गोचीड झाले. कान खाजवून त्याने रक्त काढलं, खाणं सोडलं. सहाव्या दिवशी वाटलं, आता हेही जाणार. मी कपाटातून फणी काढली, त्याची मान धरली आणि सरळ कानामागून ओढली. ते केकाटलं, बोटाला चावलं आणि पलंगाखाली शिरलं.

सासूबाई दारातच होत्या. आता माझी काही खैर नाही.

"तो असं नोहता करत," त्या म्हणाल्या. "पयले हात. सुतक आपल्याले हाये, त्याले कायचं?"

मग आम्ही दोघी जमिनीवर बसलो. बिस्कीट त्यांच्याकडे, हात माझा. त्या दिवशी नुसती पाठ, दुसऱ्या दिवशी कान. एकेक गोचीड काढून वाटीतल्या रॉकेलात टाकला. नवव्या दिवशी त्याने फणी लावू दिली आणि दूधभात खाल्ला. मला आनंद झाला नाही. एक काम झालं, इतकंच.

दहाव्या दिवशी न्हाऊन मी ओसरीवर बसले. केसांचा नुसता गुंता. सासूबाई तेल आणि फणी घेऊन माझ्या मागे बसल्या. फणी त्यांनी बाजूला ठेवली. आधी डोक्यावरून नुसता हात फिरवला. मग कानामागचे केस सोडवले आणि थांबल्या.

"दुखलं त सांगजो, बाई."

तेव्हा मला रडू फुटलं. त्या दिवशी त्यांनी फणी उचललीच नाही.