गणपतीत वाजलेली येशूची सीडी

अगं, ये इकडे, अशी जवळ बस. आणि ती पर्स खाली ठेव आधी, लगेच निघायचं असल्यासारखी काय धरून बसलीस? सख्खी भाची माझी, रोज रॅफल्स प्लेसच्या बँकेत जातेस, आणि मावशीकडे यायला तुला गणपती उलटून जावे लागतात. म्हणून तर आमच्या घरची खरी गंमत हुकली तुझी. ऐक आता.

माझी नात शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवते. ते लांबलचक पितळी वाद्य गं, नळी पुढेमागे सरकवायची. पुढचं वर्ष तिचं परीक्षेचं. माझा मुलगा म्हणाला, बँड बंद, ट्यूशन सुरू. बँड सोडायचा फॉर्मही त्याने भरून ठेवला, सोमवारी शाळेत द्यायला. पोरगी भांडली नाही, रडली नाही, नुसता ट्रॉम्बोन पुसून पेटीत ठेवून दिला. मला तेच बघवेना.

त्या दिवसांत ती कुठल्याशा इंग्रजी बँडची एकच सीडी ऐकायची. पाकिटात दोन तबकड्या होत्या. एकीत त्या बँडची गाजलेली गाणी, दुसरीत एरवी कुठे न मिळणारी, तालमीत घेतलेली वगैरे. म्हटलं, मलाही ऐकव. स्का म्हणतात त्या संगीताला. आपण टाळी देतो तिथे त्यांच्या गिटारचा ठोका पडतच नाही, दोन टाळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडतो, आणि वरून ट्रंपेट, ट्रॉम्बोन नुसते नाचतात. सांगलीला भजनात इतकी वर्षं झांज वाजवली मी, ताल मला कळतो. दुसऱ्या तबकडीत एका गाण्यात ट्रॉम्बोनवाला चक्क चुकतो, सगळे हसतात, पुन्हा सुरू करतात, आणि ते तसंच ठेवलंय. शब्द मात्र काही कळले नाहीत. वरातीच्या बँडसारखं खुशीचं वाटलं, एवढं खरं.

मग गणपती आले. मुलगा मूर्ती घेऊन लिफ्टने वर येणार, स्वागताला काहीतरी वाजायला नको? इथे परदेशात, अकराव्या मजल्यावर लेझीम कुठून आणू मी? लावली तीच सीडी, चांगला मोठा आवाज करून. पाहुणे जमलेले, सून औक्षणाला दारात उभी, मूर्ती आत आली, आणि शेजारच्या ब्लॉकमधल्या पुण्याच्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "काकू, हे येशूचं गाणं आहे हो!"

नात आतून धावत आली. "आज्जी, कॅनॉट ला! हे नाही चालत!"

"का कॅनॉट?" मी म्हटलं. "मी वरातीचं समजत होते, हे तर देवाचं निघालं. उलट बरंच झालं."

सगळे हसले. मुलगा नाही हसला. मूर्ती पाटावर ठेवून त्याने सीडीचं कव्हर उचललं आणि लेकीला म्हणाला, "अजून हेच डोक्यात आहे का?" पोरीचा चेहरा असा उतरला! मग मी काही गप्प बसले नाही.

"फॉर्म काय तो सोमवारी दे. आज आरतीला ती वाजवणार."

"आई, आरतीला ट्रॉम्बोन?"

"तू झांज बडवतोस ते बाप्पा चालवून घेतो ना?"

पोरीने वाजवलं, अगदी त्या सीडीतल्यासारखं, टाळ्यांच्या मधोमध. दुसऱ्या कडव्याला पुण्याच्या बाईंची टाळी घसरली, त्यांच्यामागून सगळ्यांची, आणि पोर घाबरून थांबली. मला वाटलं, संपलं आता. पण मुलाची झांज थांबली नव्हती. तिच्याकडे बघत तो म्हणाला, "तू वाजव, मी ताल धरलाय." शेवटपर्यंत दोघं एकमेकांवरची नजर न काढता वाजवत राहिले. घर कसं भरून गेलं म्हणून सांगू!

मोदक खाताना त्याने विचारलं, "आठवड्यातून किती दिवस असते तालीम?"

"टू डेज ओन्ली, बाबा."

"मग उरलेल्या दिवशी ट्यूशन. मार्क घसरले तर आज्जीचंही ऐकणार नाही मी."

सोमवारी जुरोंग आयलंडला कामावर नेणाऱ्या कंपनीच्या बससाठी निघताना तो फॉर्म त्याने माझ्यादेखत फाडून केराच्या डब्यात टाकला.

आता पुढच्या महिन्यात शाळेच्या हॉलमध्ये तिचा कार्यक्रम आहे. पण तेवढी वाट बघत बसू नकोस. शनिवारी दुपारी ती घरीच सराव करते. जेवायलाच ये, मी थालीपीठ लावते. आणि लवकर ये गं.