कॅझचा कान

अमेरिकेतल्या ईरी शहरात काचेच्या व्हॉल्वच्या जुन्या अँप्लिफायरची दुखणी बरी करणारे आता दोघेच उरले होते, आणि त्यातला दुसरा दुपारपासूनच प्यायलेला असायचा. म्हणून सगळे कॅझ व्रोबेलकडेच यायचे. जिना उतरून त्याच्या तळघरात जायचं आणि आधी बोलणी खायची. "खरखर येते" असं म्हणायची सोय नव्हती. "खरखर नाही, शिट्टी आहे. कान आहेत की कोटाची बटणं?" असं तो तोंडावर विचारायचा. लोक मुकाट्याने ऐकून घेत, कारण त्याचा कान चुकत नसे.

तो कान कारखान्यात तयार झाला होता. एकोणिसाव्या वर्षी कॅझ व्हॉल्वच्या कारखान्यात ठोकून तपासायच्या टेबलाशी बसला. बुचाच्या इवल्याशा हातोडीने काचेवर टकटक करायचं आणि हेडफोनमध्ये ऐकायचं. आतल्या तारा सैल असल्या, की बारीक 'टिण्ण' असा आवाज उमटतो. असला व्हॉल्व सरळ कचऱ्यात. बावीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नाही. तो नुसता नाही म्हणाला, की साहेब अख्खी पेटी फेकून देत. पुढे कारखाना बंद पडला आणि तो घरच्या तळघरात दुरुस्त्या करू लागला. हातोडीची जागा खोडरबरवाल्या पेन्सिलीने घेतली, एवढाच काय तो फरक.

या हिवाळ्यात मात्र त्याचं काहीतरी बिनसलं. चर्चमध्ये तीस वर्षं ऑर्गन वाजवलेला रॉस्को आपला अँप्लिफायर दोनदा परत घेऊन आला. दोन्ही वेळा एकच तक्रार: टिणटिणतो.

"कॅझ, तू माझा मित्र आहेस म्हणून सांगतो," दुसऱ्या खेपेला रॉस्को म्हणाला, "पुन्हा वाजला तर मी हा क्लीव्हलंडच्या कारागिराकडे नेणार."

"क्लीव्हलंडला? तिथे तुला नवीन घेऊन टाका म्हणतील, गाढवा!"

बोलला खरा, पण त्या रात्री कॅझ जेवला नाही. बायकोने, आयरीनने, केलेल्या पिरोगी, त्या उकडलेल्या बटाट्याच्या करंज्या, ताटात तशाच गार झाल्या. क्लीव्हलंडचं नाव एकाने काढलं, की उद्या दहा जण काढतील. या कानाखेरीज त्याच्यापाशी होतं तरी काय?

मग तो हात धुऊन त्या आवाजाच्या मागे लागला. आधी दोष नव्या व्हॉल्वना दिला, मग रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकना, मग फ्रिजला. आयरीनला कपडे धुवायचं मशीन लावायची बंदी झाली. बिचारी आपल्याच घरात चवड्यांवर चालू लागली. अँप्लिफायरखाली त्याने टेनिसचे चेंडू अर्धे कापून ठेवले. शेवटी कंप मारणाऱ्या रबरी कड्या मागवल्या, उष्णतेने न वितळणाऱ्या, आणि प्रत्येक व्हॉल्वच्या काचेवर एकेक चढवली. तरी आतून मंद 'ठण्' यायचाच. दुसरी कडी चढवली. मग तिसरी. देवाचं फारसं नाव न घेणारा तो माणूस प्रत्येक टकटकीआधी प्रार्थना पुटपुटू लागला.

एका मंगळवारी 'ठण्' थांबला. त्याने चारदा ठोकून पाहिलं. काहीच नाही! कॅझ स्टुलावर बसून लहान मुलासारखा रडला आणि मग रॉस्कोला फोन केला.

रॉस्को आला. कड्या बघून म्हणाला, "यांना स्वेटर तेवढं घालायचं राहिलंय."

"हस. आता ऐक." कॅझने आवाज पूर्ण वाढवला आणि पहिल्या व्हॉल्ववर पेन्सिल मारली. शांतता. तो विजयाने वळला.

रॉस्कोचा चेहरा आक्रसलेला होता. कॅझने पुन्हा ठोकलं. रॉस्कोने डोळे घट्ट मिटून घेतले. इतक्यात आयरीन धडधडत जिना उतरून आली, दोन्ही हात कानांवर.

"काय वाजतंय ते? सुईसारखं घुसतंय!"

"काही नाही," रॉस्को घाईघाईने म्हणाला. "छान झालाय, कॅझ. नेतो मी."

"तू गप्प बस." कॅझचा आवाज फाटला. "आयरीन, खरं सांग. वाजतंय?"

तिने कानांवरचे हात खाली घेतले. "हो."

"किती?"

"खूप. फार बारीक, पण खूप."

कॅझने सगळे व्हॉल्व एकामागून एक ठोकले. प्रत्येक टकटकीला त्या दोघांचे खांदे उडत होते, आणि त्याला फक्त काचेवर आपटणाऱ्या रबराचा मऊ आवाज येत होता. म्हणजे कड्यांनी जाड आवाज तेवढा मारला होता. बारीक आवाज तिथेच होता, आणि कोण जाणे किती वर्षं तो कॅझला ऐकूच येत नव्हता. 'उत्तम' म्हणून त्याने किती घरी असले सेट पाठवले असतील, आणि किती जणांनी भिडेखातर तक्रार केली नसेल!

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

आयरीन जिन्याच्या पायरीवर बसली. "फोनची घंटा तुला ऐकू येत नाही, चहाच्या किटलीची शिट्टी येत नाही, हे माहीत होतं," ती म्हणाली. "पण मला वाटलं, इथे खाली तरी तुला सगळं ऐकू येत असेल."