पालखी अंगणात पोचेना

शिमग्याला गावी जाता येत नाही याचं दुःख आमच्या आत्याने कधी रडून दाखवलं नाही. ती आमच्यावर चिडून दाखवायची. दोन्ही गुडघे गेलेले, डॉक्टरांनी कोकणचा प्रवास बंद केलेला आणि गावच्या घराला कुलूप. शिमग्यात देवाची पालखी घरोघर येते, पण दाराला कुलूप दिसलं की पुढे निघून जाते. "माझ्या दारावरसून देव तसोच जाता," असं अंधेरीतल्या आमच्या घरात बसून ती म्हणायची आणि माझ्याकडे अशी बघायची की जणू किल्ली मीच गिळली आहे. गावाहून पालखीचे व्हिडिओ यायचे. ते ती बघायची नाही. "त्यात दुसऱ्यांच्या अंगणातलो देव दिसता."

त्या दिवसांत मी कॉम्प्युटरवर गेम बनवायला शिकत होतो. बायको म्हणायची, "लोक या वयात योगा करतात रे." मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि आत्याला छातीवर हात ठेवून वचन दिलं की यंदा पालखी तुझ्या अंगणात मी आणतो.

स्क्रीनवर मी अख्खं गाव उभं केलं. वर देऊळ, खाली माड, मधोमध आत्याचं कौलारू घर, दार सताड उघडं. माउसने जिथे क्लिक करू तिथे पालखी जाणार. रंगीत तालमीला आत्याने अंगणात क्लिक केलं. पालखी देवळातून गडप झाली आणि त्याच क्षणी अंगणात उगवली.

"ही पालखी काय भूत?" आत्या म्हणाली. "भोयांनी नाचवक नको? वाटेत लोकांनी पाया पडूक नको?"

तिचं बरोबर होतं. क्लिक झालं तिथे पालखी ठेव, एवढंच मी कॉम्प्युटरला सांगितलं होतं आणि त्याने इमानदारीत ठेवली होती. मग मला एक नामी युक्ती सुचली. चित्र दर क्षणी नव्याने काढलं जातं, तेव्हा दर वेळी किती अंतर उरलंय ते बघायचं आणि त्याचा फक्त दहावा भाग चालायचं. म्हणजे पालखी निघताना झपाझप, जवळ येताना संथ, एकदम मानाची चाल. ही चाल मी बायकोला स्वयंपाकघरात खांद्यावर पोळपाट घेऊन करून दाखवली. तिने पोळपाट काढून घेतला.

पालखीच्या दिवशी सकाळी आत्या नवी साडी नेसून कॉम्प्युटरसमोर बसली. मांडीवर ताट. त्यात नारळ, तांदूळ, खण, कुंकू. तिने क्लिक केलं. पालखी निघाली, माडांमधून डौलात खाली आली, मंदावली, आणि अंगणाच्या कडेला येऊन थांबली. आत नाही, बाहेर. आत्याने पुन्हा क्लिक केलं. पालखी ढिम्म.

"थांबली कित्याक?"

"हायवेला ट्रॅफिक असेल," बायको म्हणाली.

आत्या हसली नाही. तिने नारळ हातात घट्ट धरला होता. "देव रुसलो," ती म्हणाली. "माझ्या दारात येवचो नाय तो."

"रुसला नाही गं, माझ्या गणितात काहीतरी अडकलंय."

"तू तुझा गणित बघ. मी गाऱ्हाणा घालतंय."

आणि तिने हात जोडून सुरुवात केली. गाऱ्हाण्याला हुंकार द्यावाच लागतो, त्यामुळे मी टाइप करत, बायको पुरण वाटत, दोघंही कामाला लागलो.

"बा देवा महाराजा, तुझी लेकरां पोटासाठी मुंबयत इली."

"व्हय महाराजा."

"घराक कुलूप लागला, पण आज दार उघडा आसा."

"व्हय महाराजा."

तोवर मला चूक दिसली. स्क्रीनवरचं अंतर ठिपक्यांत मोजतात, आणि पालखी क्लिक केलेल्या जागेपासून नऊ ठिपक्यांवर येऊन अडली होती. नवाचा दहावा भाग म्हणजे एक ठिपकासुद्धा होत नाही, आणि अपूर्णांक टाकून दे, असं मीच लिहून ठेवलं होतं. देव बिचारा माझ्या हुकमाने अंगणाबाहेर उभा होता. मी घाईघाईने एक ओळ घातली. थोडंच अंतर उरलं की भागाकार करत बसू नकोस, एकेक ठिपका चालत राहा.

"आणि ह्या माझ्या भाच्याक अक्कल दी रे महाराजा."

"व्हय महाराजा," असा बायकोचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार.

पालखी पुन्हा देवळातून निघाली. माड, उतार, संथ चाल. कडेला आली, मंदावली. मग एकेक ठिपका करत ती अंगणात शिरली आणि दारासमोर उभी राहिली.

आत्याने मॉनिटरला कुंकू लावलं. तांदूळ वाहिले, ते सगळे कीबोर्डात गेले. मग डोळ्यांना पदर लावला. मला मात्र राहवेना. पालखी आता शेजारच्या घरी कशी जाते ते दाखवायला मी माउसकडे हात नेला, तर तिने माउसवर पंजाच ठेवला.

"हात काढ. खय न्हेतंस तेका? भोयांका चाय नको?"

बायकोने आतून विचारलं, "आत्या, भोई किती आहेत?"

आत्या स्क्रीनच्या अगदी जवळ वाकली आणि बोटाने मोजू लागली. "चार," ती म्हणाली. "साखर जास्ती घाल गो. लांबसून इलेत."