निलजकर हे नाव कोणाचं

अण्णांच्या दारावर शेवटपर्यंत त्यांच्या नावाची पाटी नव्हती. कंपनीने लावू दिली नाही.

आज सकाळी अण्णा गेले.

दुपारी त्याच कंपनीने त्यांचा फोटो टाकला. खाली मोठ्या अक्षरांत ‘निलजकर’. "आमचे प्रेरणास्थान."
लोक हात जोडतायत.

फोटो आमच्या चिकपेटच्या वर्कशॉपच्या दारातला आहे. कडेला आत, तार गुंडाळायच्या वाइंडिंग मशीनवर मी होते, मला कापलंय. त्याचं काही नाही.
पण अण्णा ज्या पायरीवर बसलेत, तीही कापली आहे.

एरवी मी इथे वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहीत नाही. आज लिहिते.

गोपाळ निलजकर मूळचे बेळगावकडचे. नव्वदच्या दशकात बंगळूरमध्ये गिटारचे अ‍ॅम्प, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, हाताने बनवायचे. मोजकेच. चर्चमधले, हॉटेलच्या बँडमधले, ऑर्केस्ट्रावाले, सगळे यायचे. अ‍ॅम्पच्या तोंडावर पितळेच्या पट्टीत एकच शब्द असायचा, त्यांचं आडनाव.

गिऱ्हाइकाने स्वतः यायचं आणि स्वतःची गिटार आणायची, हा नियम.
तो आत वाजवायचा. अण्णा दार ओढून घेऊन बाहेर जिन्याच्या पायरीवर बसायचे, भिंतीला पाठ लावून.

"समोर बसलं की मी बोटं बघत बसतो," म्हणायचे. "ऐकायचं राहतं."

दारावर एक टकटक म्हणजे थांब, अजून काम आहे. मग आत येऊन एखादा पार्ट बदलायचे आणि परत पायरीवर.
दोन टकटक म्हणजे झालं, घेऊन जा.

जोसेफ म्हणून चर्चमध्ये वाजवणारा एक जण होता. त्याला बिचाऱ्याला सारखं परत पाठवलं. शेवटी चिडला.
"अण्णा, मला पहिल्याच दिवशी आवडला होता."
"तुला आवडेल रे. तुला माझा चहा पण आवडतो."

मग ती मोठी गिटार कंपनी आली. त्यांच्या गिटार देशभर जायच्या, पण नाव घ्यावं असा अ‍ॅम्प त्यांच्याकडे नव्हता. साहेब लोक चिकपेटच्या त्याच जिन्यावर बसून चहा प्यायले. एक जण तर अण्णांच्या पाया पडला. बंगळूरबाहेर होसकोटेला फॅक्टरी, हाताखाली माणसं, तुम्ही फक्त आवाज बघा, म्हणाले.
बाहेरून आलेले स्वस्त अ‍ॅम्प दुकानांत दिसायला लागले होते. अण्णांनाही काळजी होती.

अक्का, म्हणजे अण्णांच्या मिसेस, एवढंच म्हणाल्या, "मशीन द्या, डिझाइन द्या. नाव कशाला देताय?"
"अगं, नाव तेच ठेवणार म्हणतायत. चांगलंच आहे की."

अण्णांनी सही केली. कंपनीवाले शब्दाला जागले. नाव तेच ठेवलं.

होसकोटेला अण्णांना काचेची केबिन मिळाली. ते त्यात बसलेच नाहीत. माल चढवायच्या पायरीवर बसायचे आणि आत कंपनीचा माणूस वाजवायचा. एक टकटक झाली की लाइन थांबायची.

मॅनेजर सभ्य होता. "अण्णा, मीटरवर पास आहे."
"सरी, बरोबर. पास आहे."
"मग?"
"मग काय. स्वल्प ऐकू दे अजून."

एका सोमवारी त्या पायरीवर खोके रचलेले होते. खालपासून वरपर्यंत.
अण्णांनी खोके बघितले आणि पुढच्या बसने घरी आले. नंतर त्यांना बोलवायलाही कोणी आलं नाही.

घरच्या पुढच्या खोलीत त्यांनी रिपेअरचं काम सुरू केलं. दारावर पाटी रंगवून घेतली. ‘निलजकर’.

रंग नीट वाळलाही नसेल. कंपनीचा एक तरुण वकील आला. कॉफी प्यायला, साखर थोडी जास्त मागितली. मग म्हणाला, सर, या धंद्यात हे नाव आता आमचं आहे. करारात आहे.

"मग मी काय लिहू?"
"काहीही लिहा सर. दुसरं काहीही."

मी तिथेच मदतीला होते. अण्णा हसले. त्याच संध्याकाळी त्यांनी पाटीला काळा रंग लावला आणि ती तशीच परत टांगली.
पुढे हात थरथरायला लागले, रिपेअर बंद झालं. आता तरी घराला नाव लावा, असं अक्का कितीदा म्हणाल्या.
"विकलंय ना," म्हणायचे. "मग विकलंय."

आज कंपनीचा हार आला. त्याच्या पट्टीवर निलजकर, त्यांच्या लोगोच्या अक्षरांत.
इतक्या वर्षांनी तो शब्द अण्णांच्या दारात आला, तो असा.
अक्का म्हणाल्या, "गेटपाशी ठेवा तो."

जोसेफ रिक्षात घालून आपला जुना चिकपेटचा अ‍ॅम्प घेऊन आला होता. अण्णांना नेल्यावर त्याने पुढच्या खोलीत तो लावला आणि वाजवायला लागला. आम्ही सगळे आपोआप बाहेर पायरीवर येऊन बसलो. दार कोणी ओढलं, लक्षात नाही.

बराच वेळ वाजवत होता. थांबावं कसं, हे त्याला कळत नसणार.

शेवटी अक्का उठल्या. दारावर दोनदा टकटक केली.

काळ्या पाटीवर मी आत्ता खडूने लिहिलंय. गोपाळ निलजकर. अ‍ॅम्प बनवायचे.
कोणाची हरकत असेल तर मला कळवा.

या, अण्णा.