डागवाल्या ताईंचा सत्कार

एका साप्ताहिकात त्या कपड्यांवरचे डाग कसे घालवावेत ते लिहायच्या, म्हणून सगळे त्यांना डागवाल्या ताई म्हणत. धाकटा भाऊ शिंपी. त्याला एचआयव्ही आहे हे औषधाच्या दुकानातून फुटलं आणि गिऱ्हाईकं अर्धवट शिवलेले कपडेसुद्धा उचलून घेऊन गेली.

"ताई, तू लिही," भाऊ म्हणाला. "उघड लिही, माझा भाऊ म्हणून."

त्या आठवड्यात तेलाचे डाग राहिले बाजूला. ताईंनी लिहिलं: आम्ही एका ताटात जेवतो, तो रोज गोळी घेतो, धडधाकट आहे, आणि मला त्याच्याकडून आजवर फक्त पडसं लागलंय.

लेख गाजला. वाचनालयानं सत्कार ठरवला.

अध्यक्ष भर उकाड्यात हातमोजे घालून आले. "सांधे धरलेत हो," म्हणाले. सगळ्यांना चहा कपबशीत, ताईंना कागदी पेल्यात. "भेदभाव गाडलाच पाहिजे!" अध्यक्ष गरजले आणि पुष्पगुच्छ त्यांनी लांबूनच ताईंकडे भिरकावला. तो चिटणीसांच्या तोंडावर बसला.

मग अध्यक्ष हळूच म्हणाले, "ताई, तुमची तपासणी चांगली आलीय, एवढं जाहीर करून टाका. लेखाला वजन येईल."

"आणि तशी आली नसती, तर लेख खोटा ठरला असता का?"

ताई हात मिळवायला पुढे झाल्या. अध्यक्ष मागे सरकले, खुर्चीला अडखळले, बदकन बसले आणि विजार मागून टर्रकन उसवली.

सभागृहात शिंपी एकच. भाऊ उठला. "साहेब, पडद्यामागे चला. काढून द्या, शिवून देतो."

"सुई... तुझीच?"

"माझीच. पण ती कापडाला टोचायचीय, तुम्हाला नाही. नाहीतर असेच घरी जा. वाट तेवढी बाजारातून आहे."

पडद्याखाली अध्यक्षांचे मोजे दिसू लागले. ताईंना आभाराचे दोनच शब्द बोलायचे होते. पण "आता आवरतं घ्या" म्हणणारा विजारीवाचून पडद्यामागे अडकला होता. त्यांनी माईक घेतला आणि दुसऱ्याचं दुखणं चव्हाट्यावर मांडणाऱ्यांची, सोयरीक तोडणाऱ्यांची बिनपाण्यानं केली. भावानंही टाके सावकाशच घातले. आधी पडद्याकडे बघून हसणारे लोक हळूहळू ताईंकडे बघू लागले.

विजार चढवताना अध्यक्षांनी डोळे गच्च मिटले होते, असं भाऊ सांगतो.

सगळे काही सुधारले नाहीत. संपादक "आता पुन्हा डाग घ्या" म्हणून मागे लागले. ताईंनी औषधाच्या दुकानातून फुटणाऱ्या गुपितांवर लिहिलं. दुकानदार तणतणत आला, "माझं नाव का छापलं?"

"नाव कुठे छापलंय? ते तर तुम्ही आता सांगताय."

गिऱ्हाईकं थोडी परतली, थोडी गेली ती गेलीच. एका दुपारी मात्र एक अनोळखी बाई भावाच्या दुकानात आली. हातात कापड नव्हतं. बराच वेळ ती बटणंच बघत राहिली. मग म्हणाली, "ती गोळी... घेतल्यावर सुरुवातीला गरगरतं, ते थांबतं ना?"

भावानं मशीन थांबवलं आणि तिला बसायला स्टूल दिलं.