मालेगावच्या पाटलीणबाईंचा पाय

लढाई संपली होती, पण पेट्रोलची कुपनं संपली नव्हती. उन्हाळ्यापर्यंत ती साठवली आणि चैत्रात कोर्टाला चार दिवस सुटी लागताच ह्यांनी ठरवलं, "या खेपेला आगगाडी नाही. आपल्या मोटारीनं वाशीमला जाऊ." मोटार जुनी घेतलेली, हे नवशिके आणि मी शेजारी बसून देवाचं नाव घेणारी.

अकोल्याहून पातूरपर्यंत सडक बरी आहे. पुढे घाट. जाणाऱ्यांनी पाण्याचा डबा भरूनच न्यावा, कारण चढणीवर आमचं इंजिन दोनदा उकळलं. मेडशीला विहिरीच्या सावलीत भाकरी, झुणका आणि कच्चा कांदा खाल्ला. तिथपर्यंत प्रवास आनंदाचा होता.

मालेगाव दिसू लागलं आणि एक बैलगाडी आडवी आली. ह्यांनी ब्रेक दाबला. पाय सरळ खालच्या फळीपर्यंत गेला, पण मोटार थांबेना. हातब्रेक ओढला तेव्हा बैलाच्या पोटापासून वीतभर अंतरावर थांबलो. खाली वाकून पाहिलं तर ब्रेकचं तेल गळून फळी ओली झाली होती.

गावात करीममिया नावाचे मिस्त्री भेटले. लढाईत लष्करी लॉऱ्या दुरुस्त करून आलेला माणूस. त्यांनी ब्रेकचा पंप उघडला आणि आतलं वाटीसारखं रबर बोटावर घेऊन दाखवलं. त्याची कड फाटली होती.

"हे मुंबईहून मागवा लागन. पंधरा दिवस."

"अहो, सोमवारी माझी केस आहे. आणि परतताना घाट उतरायचाय," हे म्हणाले.

मिस्त्रींनी हात पुसले. मग म्हणाले, "अशीच एक मोटार गावात हाये. पाटलाची. घाटातच गेले ते, दिवाळीच्या आधी. पन पंप नाई गेला त्यायचा, चाकाजवळची नळी फुटली. रबर चांगलं असन." आवाज खाली आणून पुढे म्हणाले, "फक्त दुपारी तिकडं कोनी जात नाई."

"काहून?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"आयकू येते."

आम्ही गेलो तेव्हा दुपारच होती. गोठ्याच्या पत्र्याखाली ती मोटार उभी होती. नाक चेपलेलं, काच नाही, टपावर कडब्याचा भुसा. पाखरूदेखील बोलत नव्हतं. आणि आतून आवाज आला. चर्र… टक. जरा थांबून पुन्हा, चर्र… टक. पेडल दाबल्याचा आणि सुटल्याचा आवाज. करीममिया जागीच थांबले, त्यांचे ओठ हलायला लागले. ह्यांनी माझं मनगट धरलं. का कोण जाणे, मी सोडवून घेतलं आणि दाराशी गेले.

आत पाटलीणबाई बसल्या होत्या. पस्तिशीच्या असतील. दोन्ही हात चक्रावर, उजवा पाय अनवाणी, पेडलवर. मला पाहून दचकल्या नाहीत.

"लोक म्हनतात पाटीलच अजून ब्रेक दाबून राह्यले," त्या म्हणाल्या. "म्हनू द्या. मी पाह्यतो, त्यायनं किती येळ दाबलं असन."

करीममियांनीच लांबून आमची अडचण सांगितली. बाईंनी ऐकून घेतलं.

"न्या रबर. पन घाट उतरा लागते ना तुमाले? मंग रबर बसवलं का पेडल मी दाबतो. घट्ट झाल्याबिगर हलू नका."

संध्याकाळी मिस्त्रींनी पंप इस्पिरिटनं धुतला आणि ते रबर बसवलं. ब्रेकचं तेल मालेगावात कुठलं मिळायला! त्यांनी एरंडेल आणि इस्पिरिट एकत्र केलं. लढाईत असंच चालवत, म्हणाले. सकाळी तेल भरलं, पण नळ्यांत हवा राहिली की ब्रेक लागत नाही, ती काढावी लागते. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाजवळचा स्क्रू सैल करून हवा सोडायची आणि स्क्रू आवळला की मगच पाय उचलायचा.

बाई चालत आल्या आणि आमच्या मोटारीत ह्यांच्या जागी बसल्या. मिस्त्री मागच्या चाकापाशी मोटारीखाली शिरले.

"दाबा. धरा. आता सोडा."

मिस्त्रींनी स्क्रूला लावलेल्या नळीचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं होतं, तिथं बुडबुडे यायचे. एक चाक झालं, दुसरं, तिसरं. चौथ्याला बुडबुडे थांबले.

"सोडा, बाई."

त्यांनी सोडलं नाही.

मी आत पाहिलं. त्या समोरच्या भिंतीकडे अशा बघत होत्या, जणू तिथं रस्ता होता. कपाळावर घाम. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पाय लाकडासारखा ताठला होता. मोटार जागची हलत नव्हती, तरी मला असं वाटलं की आपण उतारावरून खाली चाललो आहोत. मी दाराची कड घट्ट धरली. किती वेळ गेला कळलं नाही.

मग त्या हळूच म्हणाल्या, "थांबली."

पाय उचलला, पदर सारखा केला आणि कुणाशी न बोलता निघून गेल्या.

वाशीम आम्ही पाहिलं. पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर बसलो, बालाजीचं दर्शन घेतलं. विचाराल तर फारसं आठवत नाही. परतीला घाटात हे दोन्ही हात चक्रावर आवळून बसले होते. दर वळणाआधी ब्रेक दाबायचे आणि दर वेळी तो लागायचा. उतार संपल्यावर त्यांनी मोटार बाजूला घेतली आणि मगच चक्रावरचे हात काढले.

घरी आल्यावर मी पाटलीणबाईंना कार्ड टाकलं: सुखरूप पोचलो, घाटात ब्रेक चांगले लागले. आठ दिवसांनी उत्तर आलं, दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात. बाईंनी विचारलं होतं, "कोनत्या वळनावर दाबला?"

मी कार्ड ह्यांच्यापुढे धरलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"लिही," ते म्हणाले, "सगळ्याच वळणांवर दाबला. आणि सगळ्या वळणांवर थांबली."

तसंच लिहून पाठवलं.